तीस वर्षें आणि तीनशें वर्षें

अष्टविनायकांच्या यात्रेस निघालेलें पुण्याचें कुटुंब नगरच्या रस्त्यानें रांजणगांवास जाऊन महागणपतीचें दर्शन घेतें, आणि पुढें न्हावऱ्याच्या वाटेनें चौफुला व दौंड गांठून भीमेपलीकडील सिद्धटेकास पोंचतें. या वाटेवर, किंवा तिच्यापासून थोड्याच अंतरावर, दोन औद्योगिक वसाहती आहेत. एक शिरूर तालुक्यांत रांजणगांवास. दुसरी दौंड तालुक्यांत सोलापूर रस्त्यावर कुरकुंभास. यात्रेकरूंच्या गाडींत त्यांच्याविषयीं फारसें बोलणें होत नाहीं. मुलांनीं विचारलेंच तर "कारखाने आहेत," एवढ्यावर भागतें. आम्हीही पुष्कळ वर्षें एवढ्यावरच भागविलें. परंतु कारखान्यांत माल तयार झाल्यावर मागें जें उरतें तें जातें कोठें, हा प्रश्न एकदां मनांत आला, आणि त्याचा माग काढतां काढतां आम्ही शिरूर-दौंडाहून थेट तारापूरच्या अणुभट्टीपर्यंत जाऊन पोंचलों. ती हकीगत वाचकांपुढें ठेवावी म्हणून हा लेख.

घरांतील केर उंबऱ्याबाहेर गेला कीं आपण हात धुतों. कारखान्याच्या केराचें तसें नाहीं. कुरकुंभची वसाहत मुख्यत्वें रासायनिक कारखान्यांची. तेथें सांडपाणी शुद्ध करतांना तळाशीं गाळ सांचतो, ऊर्ध्वपातनाच्या भांड्यांत डांबरासारखा चोथा राहतो, निकामी झालेलीं उत्प्रेरक द्रव्यें राहतात. रांजणगांव, चाकण, भोसरी या बाजूस मोटारींचे भाग तयार होतात. त्यांवर जस्ताचा, निकेलचा, क्रोमियमचा मुलामा चढवितांना जो गाळ निघतो त्यांत हेच धातु उतरतात. हें सारें नदींत सोडतां येत नाहीं, शेतांत टाकतां येत नाहीं, आणि धातूंचा गाळ जाळूनही संपत नाहीं. जाळला तर धातु राखेंत किंवा धुरांत जातात.

पर्यावरण संरक्षणाचा कायदा १९८६ सालीं झाला. त्याखालीं घातक टाकाऊ द्रव्यांचे नियम १९८९ सालीं निघाले, आणि २००८ व २०१६ सालीं ते नव्यानें लिहिले गेले. या नियमांमुळें प्रत्येक कारखान्यानें आपल्या आवारांत खड्डा खणण्याऐवजीं अनेकांनीं मिळून वापरावयाचीं सामाईक केंद्रें निर्माण झालीं. महाराष्ट्रांत तळोजें, महापे, नागपूरजवळील बुटीबोरी आणि आपलें रांजणगांव येथें अशीं केंद्रें उभीं राहिलीं. पुणें भागांतील कारखान्यांचा माल पिंपांत भरून, सोबत कागदपत्र देऊन, रांजणगांवास जातो. म्हणजे दौंड तालुक्यांत निर्माण झालेलें विष शिरूर तालुक्याच्या पोटांत ठेवण्याची ही सोय आहे. अशा केंद्रांत जळण्याजोगें असेल तें भट्टींत जाळतात. न जळणारें, विशेषतः धातूंचें, असेल तें सिमेंटांत कालवून, घट्ट करून, तळाशीं दाबलेली चिकणमाती आणि तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पडदा घातलेल्या मोठ्या खड्ड्यांत रचतात. खड्डा भरला कीं वरून तसेंच आच्छादन घालून तो मिटतात.

आतां सिमेंटच कां, याचें उत्तर बहुतेकांच्या ध्यानांत नसतें. सिमेंट "वाळतें" असें आपण म्हणतों, पण तें चूक आहे. तें पाणी पितें. घर बांधतांना गवंडी नव्या गिलाव्यावर पुढें कित्येक दिवस पाणी मारतो तें याचसाठीं. सिमेंटमधील चुना आणि सिलिका यांचा पाण्याशीं संयोग होऊन एक दाट, चिकट, अतिसूक्ष्म छिद्रांचा पदार्थ तयार होतो, आणि तोच वाळूला, खडीला, आणि आमच्या प्रस्तुत विषयांत त्या विषारी गाळाला, धरून बसतो. याशिवाय सिमेंटच्या अंगीं दुसरा एक गुण आहे. त्याच्या छिद्रांतील पाणी अत्यंत क्षारधर्मी असतें, चुन्याच्या निवळीसारखें. पुष्कळसे धातु अशा पाण्यांत विरघळत नाहींत. त्यांचे न विरघळणारे हायड्रॉक्साइड होतात. एकूण हें बंधन दुहेरी: बाहेरून भिंतीचें, आंतून रसायनाचें.

परंतु हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. शिसें आणि जस्त हे धातु क्षार फारच वाढला तर पुन्हां विरघळूं लागतात. सहा मूल्यांचें क्रोमियम, जें क्रोमियमचें सर्वांत विषारी रूप, तें तर सिमेंटला दाद देतच नाहीं. त्याला आधीं हिराकशीनें निवळवून तीन मूल्यांवर आणावें लागतें. मग तें बंधनांत राहतें. ही हिराकस म्हणजे आमच्या आजोबांच्या काळीं घरीं शाई करतांना वापरीत तीच. तेलकट किंवा सेंद्रिय चोथा मिसळला तर सिमेंट धड बसत नाहीं. आणि साखर! वजनाच्या हजारांत एक भाग साखर पडली तरी सिमेंट घट्ट होण्यास भलताच विलंब लागतो. जुन्या वाड्यांच्या चुन्यांत गूळ घालीत, तो चुन्याला मानवे. सिमेंटला मानवत नाहीं. शिरूर आणि दौंड हे उसाचे तालुके असल्यामुळें हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटला. तात्पर्य, प्रत्येक पिंपांतील माल आधीं तपासून, त्यास काय मिसळावें हें ठरवावें लागतें. ही पाककृति आहे, नुसतें ओतकाम नव्हे.

तयार झालेला गोळा पक्का झाला कीं नाहीं हें पाहण्याची रीति आमच्या वाचकभगिनींस चटकन समजेल. त्याचे एक सेंटिमीटरहून लहान तुकडे करावयाचे, वजनाच्या वीसपट सौम्य ॲसेटिक आम्लांत, म्हणजे पातळ व्हिनेगरांत म्हणाना, घालावयाचे, आणि अठरा तास घुसळावयाचे. मग त्या पाण्यांत किती धातु उतरला तें मोजावयाचें. २०१६ च्या नियमांतील तक्त्याप्रमाणें या अर्कांत दर लिटरला ५ मिलिग्रॅम शिसें उतरलें तर माल घातक गणला जातो. पिण्याच्या पाण्यांत शिशाची आपल्या देशांतील मर्यादा आहे दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. या दोन आंकड्यांत पांचशेंपट अंतर आहे. म्हणजे परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या गोळ्यांतून झिरपणारें पाणी पिण्याजोगें असतें असें कोणीं समजूं नये. जमिनींतून वाहतांना तें पुष्कळ पातळ होईल असें धरून हा हिशोब बांधलेला आहे. तो हिशोब खोटा नाहीं. पण तो हिशोब आहे, अनुभव नव्हे.

येथवर आल्यावर आम्हांस असें कळलें कीं ही सिमेंटची विद्या जास्त बारकाईनें जेथें जोपासली गेली तें ठिकाण रासायनिक नसून आण्विक आहे, आणि तेंही महाराष्ट्रांतच. तुर्भ्यास १९५४ सालीं अणुशक्तीची संस्था स्थापन झाली, १९५६ च्या ४ ऑगस्टला तेथें 'अप्सरा' ही अणुभट्टी चालूं झाली, आणि १९६९ पासून तारापूरची वीज मिळूं लागली. अणूची वीज म्हटली कीं किरणोत्सर्गी केर आलाच. तो तीन प्रतींचा असतो. अत्यंत तीव्र असतो तो कांचेंत वितळवून बंद करतात. तारापूरला ती सोय आहे. मध्यम आणि सौम्य प्रतीचा जो असतो, म्हणजे सांडपाण्यांतून खाली बसविलेला गाळ, जाळलेल्या चिंध्यांची राख, गाळण्याचीं वापरलेलीं द्रव्यें, त्यांतील बराचसा सिमेंटांत कालवून पिंपांत भरतात. नंतर तीं पिंपें दगडी किंवा काँक्रीटच्या खंदकांत ठेवतात. अधिक तापट असेल तें जमिनींत उभ्या पुरलेल्या नळ्यांच्या विहिरींत उतरवितात.

येथेंही सिमेंटची एक खोड आहे. सीझियम नांवाचें जें मुख्य किरणोत्सर्गी द्रव्य या केरांत असतें, तें मिठासारखें सहज विरघळणारें असल्यामुळें सिमेंटच्या छिद्रांतून हळूहळू निसटतें. म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनीं सिमेंटांत व्हर्मिक्युलाइट नांवाचें अभ्रकाच्या जातीचें खनिज मिसळण्याची रीति वापरली. त्याच्या पापुद्र्यांमध्यें सीझियम अडकून बसतें. कल्पना साधी, पण भिजलेल्या पिंपांतून वर्षानुवर्षें नमुने काढून मोजल्याशिवाय तिची खात्री पटत नाहीं.

अणूच्या केराचें एक वैशिष्ट्य मात्र असें आहे कीं जें त्याचें भय तेंच त्याचें औषध. तो स्वतःच झिजतो. सीझियम १३७ याचें अर्धें आयुष्य सुमारें ३० वर्षें. स्ट्राँशियम ९० याचें २९ च्या आसपास. आज एक किलो सीझियम असेल तर तीस वर्षांनीं अर्धा किलो राहील, साठ वर्षांनीं पाव किलो. लाडू निम्मा निम्मा करीत जावें तसें दहा वेळां निम्में केलें, म्हणजे तीनशें वर्षें लोटलीं, कीं त्या एका किलोपैकीं एक ग्रॅमहूनही किंचित् कमी शिल्लक राहतें. बाकीच्याचें निरुपद्रवी बेरियम झालेलें असतें. यावरूनच सिमेंटच्या खंदकांवर तीनशें वर्षें राखण ठेवावी असें अणुशास्त्रज्ञांनीं ठरविलें. प्लुटोनियमसारखीं द्रव्यें, ज्यांचें अर्धें आयुष्य २४,००० वर्षांच्या वर आहे, तीं या हिशोबांत बसत नाहींत, म्हणून त्यांना या खंदकांत जागा नाहीं.

आतां रांजणगांवास परत येऊं. क्रोमियम झिजत नाहीं. शिसें झिजत नाहीं. आर्सेनिकला अर्धें आयुष्य नाहीं. तें आज आहे तेवढेंच हजार वर्षांनीं राहील. आणि असें जें कधींच न संपणारें विष, त्याच्या मिटलेल्या खड्ड्यावर लक्ष ठेवण्याची मुदत आपल्या नियमांत धरली आहे तीस वर्षें. जें तीनशें वर्षांत जवळजवळ नाहींसें होतें त्यावर तीनशें वर्षें पहारा, आणि जें कधींच नाहींसें होत नाहीं त्यावर तीस! आम्हीं हा हिशोब पुनःपुन्हां तपासून पाहिला. आमचीच कांहीं चूक होत असेल असें वाटलें. चूक नव्हती. तीस वर्षांची ही मुदत एकट्या आपल्या देशाची नव्हे. अमेरिकेंतही नियमांत हाच आंकडा आहे.

अर्थात् दुसरी बाजू सांगितली पाहिजे. एका ग्रॅम सीझियमचें सामर्थ्य आणि एका ग्रॅम क्रोमियमचें सामर्थ्य यांची तुलना होऊं शकत नाहीं. किरणांचें विष भिंतीपलीकडूनही बाधतें, धातूचें विष शरीराशीं संबंध आल्याशिवाय बाधत नाहीं. शिवाय शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेंतील मुलूख. मावळासारखी झड येथें लागत नाहीं, त्यामुळें खड्ड्यांतून झिरपणारें पाणीही कमी. खालीं काळा कातळ आहे. परंतु ज्यानें या बाजूस विहीर खणली आहे त्याला विचारावें. कातळ अखंड नसतो. पाणी त्याच्या सांध्यांतून, भेगांतून, वाकड्यातिकड्या वाटांनीं जातें. एका शेतांत ऐंशी फुटांवर पाणी लागतें, शेजाऱ्याला तीनशें फुटांवर लागत नाहीं. अशा जमिनींत खड्ड्याच्या वर एक आणि खालीं दोन अशा तपासणीच्या विहिरी घेतल्या, म्हणजे सर्व वाटा धरल्या असें होत नाहीं. कुरकुंभच्या आसपासच्या विहिरींविषयीं गांवकऱ्यांच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षें येत आहेत. त्या खड्ड्यांतील मालाच्या नव्हेत, उघड्यावरील सांडपाण्याच्या आहेत. तरी ज्या मुलखांत उघड्यावरचें पाणी आवरत नाहीं तेथें पुरलेल्याची काळजी किती काटेकोर राहील, ही शंका मनांतून जात नाहीं. घोड नदी भीमेस मिळते, आणि भीमेचें पाणी उजनीच्या जलाशयांत जातें, हेंही विसरून चालत नाहीं.

खरी अडचण सिमेंटची नाहीं, असें आमचें मत झालें आहे. पोर्टलंड सिमेंटचा शोध १८२४ चा. त्याला दोनशें वर्षें झालीं. रोमन लोकांनीं ज्वालामुखीच्या राखेंत चुना घालून केलेलें काँक्रीट सुमारें एकोणीसशें वर्षें टिकलें आहे. तेव्हां सिमेंट टिकेल. टिकणार नाहीं ती आठवण. १९८७ सालीं ब्राझीलमधील गोयानिया शहरांत सोडून दिलेल्या एका रुग्णालयांत सीझियमचें यंत्र तसेंच राहिलें होतें. भंगार वेंचणारांनीं तें फोडलें, निळ्या प्रकाशाची पूड घरोघर वांटली गेली, आणि चार माणसें मेलीं. पुढें घरें पाडून, माती उकरून, जो हजारों घनमीटर केर झाला तो पिंपांत आणि काँक्रीटांत बंद करावा लागला. हें दूरचें म्हणावें तर २०१० सालीं दिल्लींत काय झालें? तेथील विद्यापीठांत कोबाल्टचें एक यंत्र १९८५ पासून वापरांत नव्हतें. पंचवीस वर्षांनीं तें भंगार म्हणून लिलावांत गेलें, मायापुरीच्या बाजारांत उघडलें गेलें, आणि एका माणसाचा प्राण गेला. तें यंत्र अडाणी लोकांच्या ताब्यांत नव्हतें. प्राध्यापकांच्या इमारतींत होतें. नोंद होती, पण नोंद वाचणारा राहिला नव्हता. पंचवीस वर्षें म्हणजे एका पिढीचाही काळ पुरा झाला नाहीं.

तीनशें वर्षें म्हणजे काय, हें पुण्याच्या माणसाला वेगळें सांगावयास नको. तीनशें वर्षांमागें शनिवारवाडा बांधावयाचा होता. त्याचें काम १७३० सालीं सुरू झालें, आणि शंभर वर्षें पुरीं होण्याच्या आंत, १८२८ सालीं, तो जळाला. त्या काळचे कागद पेशवे दफ्तरांत सुरक्षित आहेत, ही भाग्याची गोष्ट. पण ते मोडींत आहेत. आमच्या आजोबांना मोडी सहज येत असे, वडिलांना अडखळत येई, आम्हांस येत नाहीं. अक्षर शाबूत असून वाचणारा नाहींसा होण्यास तीन पिढ्या पुरल्या. आज रांजणगांवच्या खड्ड्यांत कोणत्या कोपऱ्यांत कोणत्या कारखान्याचा गाळ आहे याची नोंद संगणकांत असेल. ती यंत्रें आणि त्यांची लिपि मोडीइतकी तरी टिकेल काय?

उलट त्याच रांजणगांवांत एक जागा अशी आहे कीं जिची आठवण कोणाला ठेवावी लागत नाहीं. महागणपतीचा गाभारा थोरल्या माधवरावांनीं बांधविला असें सांगतात. माधवराव १७७२ सालीं थेऊरास वारले. त्यानंतर राज्यें बदललीं, पण त्या गाभाऱ्यांतील दिवा लावावयाचा कोणी विसरलें नाहीं, कारण रोज सकाळीं कोणीतरी तेथें जाणें हा कोणाचा तरी धर्म होता. केराच्या टेकडीस असा पुजारी नाहीं. वर गवत उगवलें, कुंपण मोडलें, जमिनीचा भाव वाढला, कीं पन्नास वर्षांनीं तेथें एखाद्यानें घरांच्या पायासाठीं खणावयास सुरवात केली तर त्याला अडविणारें कोण असेल? मुदत संपलेली असेल, आणि केंद्र चालविणारी कंपनी त्या वेळीं असेलच असें नाहीं.

यावर उपाय आमच्यासारख्या सामान्य माणसानें सुचवावा हें थोडें धाडसाचें आहे, तरी दोन गोष्टी सुचवितों. शेतकरी ज्या कागदावर सर्वांत अधिक विश्वास ठेवतो, आणि ज्याची नक्कल काढल्याशिवाय जमिनीचा व्यवहार होत नाहीं, तो म्हणजे सात-बाराचा उतारा. मिटलेल्या प्रत्येक खड्ड्याची नोंद त्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यांत कायमची करावी. खालीं काय आहे आणि किती खोलीवर आहे, साध्या मराठींत. ती नोंद पुसण्याचा अधिकार कोणासही नसावा. दुसरी गोष्ट तपासणीच्या विहिरींची. त्यांच्या पाण्याचे आंकडे आज सरकारी कचेरींत जातात. ते पावसाळ्यापूर्वीं एकदां आणि नंतर एकदां ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून दाखवावेत, आणि शेजारच्या हायस्कुलांतील शास्त्राच्या मास्तरांनीं आपल्या वर्गाकडून त्याच पाण्याचा निदान क्षार तरी मोजून घ्यावा. क्रोमियम आणि शिसें मोजणें शाळेच्या आवांक्यांतलें नाहीं. क्षार मोजणें आहे, आणि सिमेंटांतून पाणी झिरपूं लागलें तर क्षार हीच पहिली खूण. मुलें दरवर्षीं बदलतील, पण वही एकच राहील.

आम्हांस मोह होतो कीं या साऱ्याचा दोष कारखानदारांवर टाकून मोकळें व्हावें. पण लेख लिहितांना टेबलावर समोर चकचकीत मुलाम्याचा दिवा आहे, स्वयंपाकघरांतील नळावर क्रोमियमची झिलई आहे, औषधाच्या कपाटांत कुरकुंभासारख्याच वसाहतींत झालेल्या गोळ्या आहेत, आणि हें सारें ज्या विजेवर चालतें तिच्यांत तारापूरचाही वांटा आहे. गेल्या खेपेस सिद्धटेकाहून परत येतांना आम्ही गाडी वळवून कुरकुंभवरून घेतली. पिंपें भरलेली एक मालगाडी पाटसच्या दिशेनें पुढें चालली होती. मागें लाल चौकटींत धोक्याची खूण होती. धाकट्या पुतणीनें विचारलें, "हें कोठें चाललें?" या वेळीं आम्हीं "कारखाने आहेत" असें म्हटलें नाहीं. चौफुला येईपर्यंत तिला सीझियमच्या लाडवाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग क्रोमियमचा लाडू कोण संपविणार?"